हवालदारांचा हेलकावा

आमच्या चाकणच्या कंपनीच्या गेटवर जे हवालदार होते, त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात कायम एक काडी असायची. नव्या पोरांना वाटे, म्हातारा दात कोरतोय. पण ती होती ओबोची रीड. बोरूसारख्या गवताच्या दोन पातळ पट्ट्या दोऱ्यानं बांधायच्या आणि वाद्याच्या टोकाला खोचून फुंकायच्या. ती कोरडी पडली की बोलत नाही, म्हणून हवालदार आमचे डबे तपासतानाही ती तोंडात भिजवत ठेवत. ओबो म्हणजे आपल्या सनईची विलायती मावसबहीण. पलटणीच्या बँडमध्ये त्यांनी तो वीस वर्षं वाजवला होता. पेन्शनीत आल्यावर सिक्युरिटी एजन्सीनं त्यांच्या हातात शिट्टी दिली.

पन्नाशीच्या तोंडावर माणसं गुडघ्यांसाठी पोहायला लागतात, नाहीतर ट्रेकचे बूट घेऊन ते माळ्यावर ठेवतात. मला ओबो सुचला. सायकल स्टँडमागे एकदा हवालदारांना वाजवताना ऐकलं आणि ते जे सूर लांबवून शेवटी हलकेच हलवत, तेवढं आपल्याला आलं की झालं, असं मला वाटलं. त्यांच्याच एका जुन्या बँडवाल्याकडून वाद्य मिळालं. त्यांची ड्युटी तीनला सुटे आणि स्टोअरमधून मी बाहेर पडे साडेपाचला. मधले अडीच तास ते माझ्यासाठी थांबत. "घरी जाऊन काय करू? म्हशीला ओबो ऐकवू?" म्हणत.

पहिले सहा महिने त्यांनी सूर हलवूच दिला नाही. सरळ एक सूर, श्वास संपेपर्यंत. मी कुरकुरलो की म्हणत, "सरळ हुबं ऱ्हाता येईना, आन नाचायची घाई व्हय रं लेका?" गेटवर ते मला साहेब म्हणत. सायकल स्टँडमागे मी 'लेका' होतो आणि ते मला फार आवडे. घरी, रावेतला, सरळ सुराचं कौतुक वेगळं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टच कुरकुरतेय समजून लिफ्टवाल्याला फोन केला होता. बायको म्हणे, "तुमचं ते बदक आज जरा लवकर झोपवा."

मग सूर झुलवायचा हेलकावा सुरू झाला. भिंतीपलीकडे प्रेस शॉप होतं. तिथं पत्र्यावर धडाम धडाम ठोके पडत, घड्याळासारखे. हवालदार माझ्या पोटावर तळहात ठेवून सांगत, "एका ठोक्याला एक धक्का. हू. पोटातनं. मग दोन. मग तीन. चार जमले की मोजणं सोड, सूर आपसूक झुलतो." एकाला एक जमे. तीनला माझा श्वास आणि प्रेस यांची फारकत होई. तेव्हा मी एक चलाखी शोधून काढली. पोट राहू द्यावं, खालचा जबडाच थरथरवावा. लांबून तो सूर हलल्यासारखा वाटे. हवालदारांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "ह्यो हेलकावा न्हाई. ही थंडी वाजती हाय."

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असते. त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडतात, स्टेज घालतात, कार्यक्रम होतात. त्याआधी महिनाभर हवालदार एक नवी रीड घडवत होते. एक दिवस ती तासता तासता म्हणाले, "एचआरच्या सायबांकडं शब्द टाकशील? पाच मिन्टं वाजवतो म्हणावं. आमच्या घरचीनं मला मानसांत वाजवताना कंदी ऐकलंच न्हाई. पलटण कायम लांब." एवढंच. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी गेलो. एचआरचे साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. "गेटवाले? अरे सर, ते एजन्सीचे. ड्युटीवरचा माणूस स्टेजवर कसा घेणार? आपल्याला एम्प्लॉई टॅलेंट हवंय." मग त्यांनी मान वर केली. "तुम्हीपण वाजवता म्हणे ना?"

"थोडंफार," मी म्हणालो. इतक्या चटकन मी स्टोअरमध्ये कधी कुणाला एक बोल्टसुद्धा दिला नव्हता.

हवालदारांना मी निम्मंच सांगितलं. "एजन्सीचा माणूस चालत नाही म्हणतात." मग खिशातून डबी काढून त्यांनी नवी रीड माझ्या हातावर ठेवली. त्या दिवसासाठी स्वतःला केलेली. "मला न्हाई तर न्हाई. तू हिच्यावर रियाज कर, लेका. लई गोड झालीया." तेव्हा तरी बोलायचं, की स्टेजवर आता मी आहे. मी थँक्यू म्हणालो.

खंडेनवमीला मी झब्बा घालून वाजवलं. जबडा थरथरवून. टाळ्या पडल्या. कुणी "सनई मस्त" म्हणालं. बायकोनं व्हिडिओ काढला. लाऊडस्पीकरचा एक कर्णा गेटच्या दिशेनं लावलेला होता, हे मला वाजवताना दिसत होतं.

दुपारी बाहेर पडलो तर हवालदार ड्युटीवर होते. एरवी माझ्या ओबोच्या पेटीकडे बघून नुसती मान हलवत. त्या दिवशी म्हणाले, "गेटपास?"

"हवालदार, माझंच वाद्य आहे..."

"कंपनीतनं वस्तू भायेर चालली. पास लागतो, सायेब."

झब्ब्यात घामेघूम होऊन मी परत आत गेलो, एचआरची सही आणली. बायको गेटवर उभी होती, मागे गाड्यांची रांग. हवालदारांनी पेटी उघडून पास वाचला. "ओबो, एक नग. बरुबर." मग डबीतली रीड उचलली. "ही पासवर न्हाई." ती त्यांनी आपल्या वरच्या खिशात ठेवली, बटण लावलं आणि फाटक उघडलं.

दिवाळीनंतर एजन्सी बदलली. जुने सगळे गेले, तेही राजगुरुनगरच्या पलीकडे आपल्या गावी गेले. मी रोज गेटवरून जात होतो, तरी ते गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. मान खाली घालून जायची सवय लागली होती.

त्यानंतर मी खरा रियाज केला, दुसरी एक रीड घेऊन, बाथरूमचं दार लावून. दीड वर्ष गेलं. एका सकाळी चार धक्के झाले आणि मोजायचं राहूनच गेलं. सूर झुलत होता. बायको दारापाशी येऊन म्हणाली, "हे काय होतं?" मी थेट हवालदारांना फोन लावला. "नुसतं ऐका," म्हणालो, फोन स्पीकरवर टाकून बेसिनवर ठेवला आणि वाजवलं.

पलीकडे मोटरपंपाचा आवाज येत होता.

"आला," ते म्हणाले. "पोटातनं आलाय."

मी ओबो खाली ठेवून फोन उचलला.

"त्या दिशी माझा असाच वाजला असता," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.