कवळीवाल्याचं स्टेशन

गल्लीत त्याला सगळे कवळीवाले म्हणत. कुणी चुकून डॉक्टर म्हटलं तर तो घाईघाईनं दुरुस्त करी. डॉक्टर लोकांच्या तोंडात हात घालतात, आपण नुसतं त्यांनी पाठवलेल्या साच्यावर दात बसवतो, एवढंच त्याचं म्हणणं. घराची मागची खोली हाच त्याचा कारखाना. तिथं मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा होता, प्लास्टर कालवायचे रबरी वाडगे होते, तारा वाकवायच्या पकडी होत्या, आणि फळीवर ओळीनं मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे होते. नवीन माणूस त्या खोलीत शिरला की नकळत स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवी. बायकोला मात्र त्या जबड्यांची इतकी सवय की ती त्यांच्यासमोर खुशाल भाजी निवडत बसे.

कामात माणूस चोख होता. त्याच्या हातची कवळी टोचते म्हणून परत आली, असं सहसा व्हायचं नाही. पण कामाबाहेर गडी पक्का आरंभशूर! माळ्यावर एकाच बाजूनं रंगवलेलं कपाट होतं, तळ नसलेली पेटी होती, आणि एक सतार होती जिला तारा चढायच्याच राहिल्या. दर वेळी तो उत्साहानं बायकोला हाक मारी, "अगं, बघ तरी!" आणि ती बिचारी हात पुसत येऊन अर्ध्या वस्तूचं कौतुक करी. शेवटी तिनं एक नियमच करून टाकला.

"यापुढे पूर्ण झालं की बोलवा. अर्धं बघायला मी येणार नाही," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत काही नवं सुरू झालं की ती उंबरा ओलांडेनाशी झाली.

तिच्या वडिलांचं मत तर त्याहून जुनं होतं. ते एका आडगावच्या छोट्या स्टेशनचे मास्तर. लग्नाची बोलणी करायला हा तिथं गेला तेव्हा घाबरून पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत बसला होता. चहा अर्धा ठेवला, दोन वाक्यं अर्धी सोडली. तो गेल्यावर मास्तर मुलीला म्हणाले होते, "मुलगा सज्जन आहे. पण हातात घेतलेलं शेवटाला नेईल असं वाटत नाही." मुलीनं हे लग्नानंतर हसत हसत नवऱ्याला सांगितलं. ती हसली आणि विसरली. त्याच्या मनात ते मुरत राहिलं.

पुढे त्या मार्गावरची गाडीच बंद झाली. रूळ उचलले गेले, स्टेशन पाडलं गेलं. मास्तर धाकट्या मुलीकडे राहायला गेले आणि हळूहळू डोळ्यांवर पडदा चढत गेला. आता मोतीबिंदू काढायला ते थोरलीकडे येणार असं ठरलं, आणि त्याच दिवशी कवळीवाल्याच्या डोक्यात किडा वळवळला. सासऱ्यांची पट्टी सुटेल तेव्हा त्यांच्यासमोर त्यांचं स्टेशन उभं करायचं. त्यांनी बघून म्हणायला हवं की हो, हेच. बाकी जगानं त्याला आरंभशूर म्हटलं असतं तरी त्याची हरकत नव्हती. या एका माणसाचं मत मात्र त्याला बदलून हवं होतं.

खेळण्यांच्या दुकानातून त्यानं छोटे रूळ, एक इंजिन आणि दोन डबे आणले. बाकी सगळं घरचंच. हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याची कौलं ओतली आणि वरून विटकरी रंग दिला. फलाटाच्या कडेचा दगड प्लास्टरचा. कुंपणाला वेड्यावाकड्या दातांना बांधायची तार. झिजलेल्या टूथब्रशांचे केस कापून हिरवे रंगवले, त्याचं गवत झालं. सिग्नलचा हात टाचणीवर बसवून त्याला अशी बारीक तार जोडली की टेबलाखालची कळ ओढली की तो झुकावा.

मुळात ते स्टेशन त्यानं धड पाहिलेलंच नव्हतं, आणि फोटो म्हणावा तर एकच. त्यात दार, एक बाकडं आणि त्यावर बसलेलं सासरचं सगळं कुटुंब. म्हणून तो बायकोला जाता येता विचारायचा. ती पोळपाटावरून मान न उचलता सांगायची.

"आमचं घर रुळांच्या अलीकडे. दारात उभं राहिलं की समोर स्टेशन. त्याच्या डाव्या हाताला सिग्नलची केबिन, उजवीकडे मालाचं गोदाम. केबिनीच्या पुढे पाण्याची टाकी. का हो? आता काय काढलंत?"

"काही नाही. सहज."

"तुमचं सहज मला चांगलं माहीत आहे."

मास्तर आले तेव्हा स्टेशन जवळजवळ तयार झालं होतं. रक्तातली साखर वाढलेली निघाली म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन थोडं पुढे ढकललं. मास्तर दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत. समोर माणूस उभा आहे एवढं त्यांना कळे, कोण ते आवाजावरून. कवळीवाल्याला काही धीर निघेना. पट्टी सुटेपर्यंत थांबायचं ठरवलेलं असूनही एका दुपारी त्यानं सासऱ्यांचा हात धरला आणि त्यांना मागच्या खोलीत आणलं.

"बाबा, हात लावून बघा. ओळखा काय आहे ते."

मास्तरांची बोटं टेबलाच्या कडेवर आली. रुळाला लागली, थबकली. मग फलाटाचा दगड, उतरतं छप्पर, कौलांची ओळ. म्हाताऱ्याचा चेहरा बदलत चालला होता, ओठ हलत होते. मास्तरांचा हात सवयीनं, अगदी न विचारता डावीकडे सरकला आणि एका बुटक्या, बिनखिडकीच्या खोक्यावर आपटला. ते गोदाम होतं. त्यांनी पुन्हा चाचपलं. मग उजवीकडे जाऊन बघितलं. तिथं केबिन होती, टाकी होती.

"कुठलं स्टेशन हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं, बाबा."

"माझं नाही," मास्तर म्हणाले आणि भिंतीला धरत आपल्या खुर्चीकडे निघून गेले.

कवळीवाला मटकन स्टुलावर बसला. समोर फळीवर एक प्लास्टरचा जबडा आ वासून त्याच्याकडे बघत होता, खाली डॉक्टरांची चिठ्ठी. 'डावी वरची दाढ.' ती दाढ त्याच्या उजव्या हाताला होती. असणारच. डॉक्टरांकडे डावं म्हणजे रुग्णाचं डावं, आणि रुग्ण समोर तोंड करून बसलेला. सगळा जन्म तो हेच करत आला होता. बायको म्हणाली, समोर स्टेशन, त्याच्या डाव्या हाताला केबिन. यानं स्टेशनला खुर्चीत बसवलं, आ करायला लावलं आणि त्याची डावी बाजू मोजली! आरशात दिसावं तसं सगळं उलटं उभं राहिलं होतं. जगात दुसरा कुणी ही चूक करू शकला नसता. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

बायकोला वडिलांकडून कळलं. ती दारात येऊन उभी राहिली, नियमाप्रमाणे उंबऱ्याबाहेर.

"जाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "बाबांना काय, मी समजावीन. एवढं केलंत हेच खूप झालं."

तिनं अगदी मायेनं म्हटलं, आणि त्याला तेच झोंबलं. त्या आवाजात माळ्यावर जागा करायची तयारी होती. सतारीशेजारी हेही मावेल, असं ती मनात म्हणत असणार. त्यानं प्लास्टर कापायची करवत उचलली आणि गोदामाच्या बुडाशी घातली.

"अहो! मोडताय काय?"

"हलवतोय," तो म्हणाला.

इमारत तेवढी दोन्ही बाजूंनी सारखी होती म्हणून वाचली. बाकी केबिन उपटली, टाकी उपटली, ब्रशाचं गवत खरवडलं. सगळ्यात वाईट काम रुळांचं. गोदामाकडे जाणारा फाटा आता दुसऱ्या टोकाला निघायला हवा होता, म्हणजे रुळाला रूळ फुटतो तो सांधा उखडून नव्यानं बसवणं आलं. पुन्हा चूक नको म्हणून त्यानं काय करावं? उंबऱ्याशी जाऊन तो बायकोला म्हणाला, "आत ये. अर्धंच आहे. पण तुझ्याशिवाय व्हायचं नाही."

ती क्षणभर घुटमळली. मग पदर खोचला आणि आत आली. टेबलाच्या अलीकडच्या कडेला, जिथं त्यांचं घर असायचं तिथं, ती उभी राहिली आणि शब्द सोडून बोटानं दाखवू लागली.

"केबिन इथं. अं हं, अजून इकडे. टाकीची सावली फलाटावर यायची. हां, आता आली! गोदाम जरा मागे घ्या, त्याच्या पुढे आम्ही लगोरी खेळायचो, जागा नको का?"

बोलता बोलता तिला इतकं आठवत गेलं की त्याच्या नाकी नऊ आले. गोदामाच्या दाराला कडी होती की कुलूप यावर दोघांचं चांगलं वाजलं. तिकडे दातांचे डॉक्टर फोनवर फोन करत होते. "अहो, माझा पेशंट नुसत्या पेजेवर आहे, कवळी कधी देताय?" कवळीवाला सकाळी लोकांचे दात लावी आणि दुपारी सांधा. सांधा काही दाद देईना. इंजिन तिथं आलं की हमखास अंग टाकी. त्यानं रूळ घासला, उचलला, पुन्हा बसवला. शेवटी कवळीची चावण तपासायचा निळा कागद त्यानं रुळावर ठेवला आणि इंजिन वरून ढकललं. चाक नेमकं कुठं जास्त दाबतं तिथं निळा डाग उमटला. तेवढंच कानशीनं उतरवलं आणि इंजिन लोण्यासारखं सरकून पलीकडे गेलं. तो एकटाच खोलीत टाळ्या पिटत होता. सतारीच्या वेळी तो असल्याच ठिकाणी उठून गेला होता, आणि हे त्याचं त्यालाही कळलं.

मास्तरांचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी आधी मुलीचा चेहरा बघितला, म्हणाले, "केस पांढरे झाले गं तुझे," आणि ती रडता रडता हसली. मग ती त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली.

"मी बघितलंय ते," मास्तर कुरकुरले.

"तेव्हा हातानं बघितलंत. आता डोळ्यांनी बघा."

कवळीवाला टेबलापलीकडे सिग्नलची कळ आणि गाडीचं बटण यांच्यापाशी उभा होता. सासरे टेबलाशी आले, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकले. त्यांनी डावीकडे बघितलं. केबिन. तिच्या पुढे टाकी. मग सावकाश उजवीकडे मान वळवली. फाटा, गोदाम, गोदामापुढे मोकळी जागा. मुलगी त्यांच्याकडे बघत होती, जावई मुलीकडे.

जावयाला आता राहवेना. त्यानं बटण दाबलं. इंजिन टेबलाच्या टोकाकडून दोन डबे ओढत निघालं.

"थांबवा!" मास्तर कडाडले.

तो दचकला. गाडी थांबली. आता काय चुकलं? डावं की उजवं?

"सिग्नल पडलेला नाही आणि गाडी आत घेताय?" मास्तर म्हणाले. खुर्चीतल्या म्हाताऱ्याचा तो आवाजच नव्हता. पाठ ताठ झाली होती, एक हात कमरेमागे गेला होता. "अपघात करायचाय माझ्या स्टेशनात?"

माझ्या स्टेशनात! कवळीवाल्यानं ते ऐकलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं घाईनं कळ ओढली. सिग्नलचा हात झुकला. मास्तरांनी खाली वाकून तो पुरता झुकल्याची खात्री केली, आणि मग त्यांची नजर मुलीवर गेली. ती कौतुकानं बघता बघता टेबलावर रेलली होती आणि तिचा पंजा थेट मधल्या रुळावर होता.

"ए पोरी! रुळांवरून हो बाजूला! किती वेळा सांगायचं? गाडी येतेय!"

नातवंडं झालेली ती बाई चटका बसावा तशी मागे सरकली. "हो बाबा," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं तोंडावर पदर धरला.

मास्तरांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते टेबलापलीकडच्या माणसाकडे बघत होते, साहेब हाताखालच्या पक्क्या माणसाकडे बघतो तसे.

"लाइन मोकळी आहे," ते म्हणाले. "घ्या गाडी आत."

कवळीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि आनंदानं त्याला समोरचं धड दिसतही नव्हतं. त्यानं बटण दाबलं. गाडी नव्या सांध्यावरून खडखडत गेली आणि फलाटाला लागली.