भर दुपारचा लाइट

कोथिंबिरीची, म्हणजे आमच्याकडच्या सांबाराची, ताजी जुडी नाकाशी धरली की मला तळेगावजवळचा तो धुळीचा रस्ता आठवतो. पंचवीस वर्षं झाली. रस्त्याचं काम चालू होतं, भर दुपारी पुढचं दिसत नव्हतं. मी पानठेल्याशी उभा होतो. मागे सांबाराचं पोतं बांधून एक काका फटफटीवर आले, लाइट चालू. आपल्याकडच्या सवयीनं मी हात वर करून मूठ उघडमीट केली. ते थांबले. "दिवसा लाइट काऊन लावला, काका? बॅटरी उतरन ना!" ठेल्यावरची माणसं हसली. "धुळीपायी लावला होता, बाबू," असं ओशाळून म्हणत त्यांनी तो बंद केला आणि वळणाकडे गेले. मग आवाज आला. धावत गेलो तर रस्ताभर चिरडलेला सांबार, त्याचा तो वास, आणि ट्रकवाला म्हणत होता, "मले दिसलाच नाई जी!" काका वाचले, पण त्यांचा पाय गेला. लाइट कुणी बंद करायला लावला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता नव्या गाड्यांचे लाइट दिवसाही चालूच असतात. तरी समोरून एखादा आला की माझी मूठ उघडू पाहते, आणि मी हँडल घट्ट आवळून धरतो.