शेवंते, जेवून घे

आजी गेल्यावर देवापुढे हात जोडायला मन घेईना. दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी रेणुकामातेला किती विनवलं होतं, तरी ती गेलीच. पण त्या दुःखापेक्षाही मला आईची काळजी लागली होती. आजी ही तिची सासू. मात्र सासू गेल्यापासून आईचं अन्नच तुटलं. आधी ती ताटातला भात नुसता चिवडायची, मग तेही थांबलं. बोलणंही बंद झालं. तपासण्यांत काही सापडत नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल. नळी घालायची वेळ येईल."

आजी मूळची वैनगंगेकाठच्या एका खेड्यातली. आजोबांना इथे कारखान्यात नोकरी लागली म्हणून ती पुण्यात आली, आणि थोड्याच वर्षांत ते वारले. पदरी तीन लेकरं. गावी परत जायचं सोडून तिनं वारज्यात खानावळ काढली. आमच्या भागातून पुण्यात उतरलेला जो तो आधी ट्रंक घेऊन तिच्या दारात यायचा. कुणाला खोली, कुणाला नोकरी, एकदोघांना तर बायकोही तिनंच मिळवून दिली. आज धायरीपासून मांजरीपर्यंत आमचा गोतावळा आहे, तो तिच्यामुळे. शेजारच्या काकू एकदा तिला म्हणाल्या होत्या, "अहो, आपण मराठीत बोललात तर बरं होईल." आजी शांतपणे म्हणाली, "मराठीच तं बोलून रायली व मी. तुमी आयका ना जरा."

डॉक्टरांनी बजावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महालक्ष्म्या जेवायच्या होत्या. पुण्यात त्यांना गौरी म्हणतात. वर्षाच्या आतला सण, म्हणून गाजावाजा नव्हता. बाबा बाहेर गेले होते. मी ज्वारीची आंबील करून नैवेद्य दाखवला, आणि एवढंच म्हणाले, "माझं काही चालत नाही आता. तूच बघ." आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दर्शनाला कुणी येईल म्हणून दार लोटलेलं होतं. भर दुपारी एक म्हातारी आत आली. सावळी, बारीक, कधी न पाहिलेली. मला वाटलं, दर्शनाला आली असेल. पण ती देवीकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेली. खालच्या फडताळात मागे सारलेली आजीची काशाची वाटी तिनं न शोधता काढली. आजी गेल्यापासून त्या वाटीला कुणी हात लावला नव्हता. तिनं त्यात आंबील ओतली, वर तूप सोडलं आणि आईच्या खोलीत गेली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

"शेवंते," ती म्हणाली, "काऊन जेवत नाई व तू? जेवून घे."

माझ्या अंगावर काटा आला. शेवंता हे आईचं माहेरचं नाव. लग्नात ते बदललं होतं. फक्त आजी तिला त्या नावानं हाक मारायची, तेही दोघीच चुलीपाशी असताना. आईनं कूस बदलली. त्या बाईकडे एकटक बघत लहान मुलासारखं तोंड उघडलं. म्हातारीनं वाटी संपेपर्यंत तिला भरवलं. मग ती उठली. "जातो मी. माह्यं झालं," म्हणाली आणि आली तशीच निघून गेली. मी जिन्याकडे धावले तेव्हा जिना रिकामा होता. आत आई ढसाढसा रडत होती. संध्याकाळी तिनं स्वतःहून वरणभात मागितला.

काही दिवसांनी आम्ही दोघी भाजी आणायला निघालो. समोरच्या सोसायटीच्या फाटकाशी बाकावर तीच म्हातारी बसली होती. आईनं माझा हात घट्ट धरला. म्हातारीच्या नजरेत मात्र ओळख नव्हती. शेजारी तिची सून होती. मी महालक्ष्म्यांच्या दुपारचं विचारलं, तेव्हा सून म्हणाली, "छे हो! गावाहून आल्या तेव्हापासून यांचा पाय मुरगळलेला. आज पहिल्यांदाच खाली आणलंय. त्या दिवशी दुपारी तर झोपल्या होत्या, मी घरातच होते."

म्हातारी म्हणाली, "सपन पडलं होतं व मले. कोनाचं तरी घर होतं. एक बाई जेवत नोती. मांगून कोनतरी म्हने, तूच जाय, माह्याच्यानं आता चालवत नाई."

"मंग?" आईनं विचारलं. कित्येक वर्षांत आई त्या बोलीत बोलली नव्हती.

"मंग जेवली ते."

आईनं भर रस्त्यात वाकून तिच्या पायांवर डोकं टेकलं. ती बिचारी गोंधळून पाय मागे घेत राहिली.

त्या दुपारी आमच्या घरी कोण आलं, हे मी आजवर कुणाला समजावून सांगू शकलेले नाही, आणि आता तसा प्रयत्नही करत नाही. त्या दिवसाची आठवण आली की अजून पाठीतून शिरशिरी जाते. तिच्याच मागोमाग डोळे भरून येतात. आजीला वाचव, एवढं एकच मागणं घेऊन मी बसले होते. ते मिळालं नाही, म्हणून देवीनं पाठ फिरवली असं मी ठरवून टाकलं. आपल्याला कुठे, कुणाच्या हातून काय मिळणार, हे ठरवणारी मी कोण? म्हातारी बाकावर भेटली त्या संध्याकाळी देवीपुढे समई लावून बसले, तर काय मागावं तेच सुचेना. नुसती बसून राहिले, खूप वेळ. शेवटी आईच हाक मारायला आली. ताटं वाढून झाली होती.