राहिलेली पंधरा मिनिटं

देवरे मास्तर गेल्याची बातमी धुळ्याहून आलेल्या मावसभावाने दिली, तेव्हा मी सावद्याच्या घरी कळण्याच्या भाकरी थापत होते. डोळ्यांत पाणी आलं नाही, हातातली भाकरीही मोडली नाही. मग त्याने फडक्यात बांधलेली पितळी घंटा माझ्यापुढे ठेवली. मास्तरांनी शेवटी आपल्या बायकोला बजावलं होतं म्हणे, "ही सुभद्रेला पोचवा." मेल्या म्हशीला मणभर दूध! महिनाभरात त्यांच्या चार विद्यार्थ्यांनी त्यांच्यावर गोड गोड लिहिलं. माझं गोड नाही.

इंग्रजी शिकवावं तर त्यांनीच, हे मात्र मान्य करते. इतर मास्तर धडे घोकून घेत. हे फळ्यावर एक प्रश्न लिहीत... बैलगाडी बरी की मोटार? आठवड्याचा बाजार रविवारी असावा का? वर्गाचे दोन भाग करायचे, एकाने बाजूने बोलायचं, दुसऱ्याने विरुद्ध, सगळं इंग्रजीत. पंधरा मिनिटांनी मास्तर घंटा वाजवीत. मग बाक बदलायचे आणि आतापर्यंत जे बोललो ते आपणच खोडून काढायचं. "चुकलात तरी चालेल," ते म्हणत, "गप्प बसाल तर उभं करीन." पोरांच्या त्या शाळेत आम्ही दोघीच मुली होतो. दुसरी लाजायची, मी मात्र तोंडाळ म्हणून प्रसिद्ध झाले.

एकदा त्यांनी वर्ग दाखवायला पालकांना बोलावलं. माझे आबा शाळेच्या कमिटीवर होते, ते पुढच्याच खुर्चीत बसले. प्रश्न होता, मुलींनी चौथीपुढे शिकावं का? माझ्या वाट्याला आधी 'शिकू नये' आलं. मी हात नाचवून बोलले, की शिकलेल्या सुनेच्या भाकरीला पुस्तकाचा वास येतो, आणि ती सासूला उत्तरं देते तीही व्याकरण सांभाळून. वर्ग हसून लोळला. आबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून मास्तर माझं एकेक वाक्य त्यांना मराठीत सांगत होते. खरं बोलणं मी दुसऱ्या बाजूसाठी राखून ठेवलं होतं, बाक बदलायला उठलेसुद्धा होते. तेवढ्यात आबाच उभे राहिले. "मास्तर, मनी पोर बठ्ठं खरं बोलनी. आते शाळा पुरे." माझं ते सगळं बोलणं त्यांनी खरं धरलं होतं.

मी मास्तरांकडे पाहिलं. घंटा त्यांच्या हातात होती. ती नुसती हलवली असती, किंवा 'आबा, ही बाजू मीच तिला दिली होती' एवढं म्हटलं असतं, तरी पुरे होतं. पण त्यांची नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ते कमिटीच्या हातात होतं. बोलायला शिकवणारा माणूस मूग गिळून बसला. त्यांनी घंटा हळूच टेबलावर ठेवली, आवाज होऊ नये म्हणून दुसरा हात खाली धरून. मी दुसऱ्या दिवसापासून घरी बसले, वर्षभरात लग्न झालं. आबांवरचा राग कधीच गेला, ते तसेच होते. दगा दिला तो मास्तरांनी.

पुढे एकदाच जळगाव स्टेशनवर ते भेटले. खूप वाळले होते. "इंग्रजी बोलतेस का गं अजून?"

"कोणाशी बोलू, सर?"

त्यांनी नजर रुळांकडे वळवली. "मला भीती वाटली होती, सुभद्रे..." एवढंच म्हणाले. मी माफ केलं नाही. आजही केलेलं नाही, घंटा पाठवून माफी मिळत नसते.

ती घंटा महिनाभर फडताळात मिठाच्या बरणीमागे पडून होती. यंदा आमची शकू चौथी पास झाली. काल दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला, की आता पोरीची शाळा पुरे. शकूच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता मान डोलावली. शकू भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती. मी फडताळ उघडलं, घंटा काढली आणि मनगट दुखेपर्यंत वाजवली. सगळे दचकले. इंग्रजी तर केव्हाच विसरले आहे, म्हणून मराठीतच म्हणाले, "आता दुसरी बाजू ऐका."