सोडून दिलेले मासे

अरविंदभाऊंनी जायला वेळ निवडली तीसुद्धा ऐन हंगामाच्या तोंडावर. नोव्हेंबर लागला होता, शारजात एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले होते, आणि आदल्याच शुक्रवारी आमच्याकडे जेवताना ते म्हणाले होते, "आता पाणी गार व्हायला लागलं, वहिनी. पुढच्या आठवड्यापासून बघा." पुढच्या आठवड्यात माझ्या नवऱ्याचा, सुहासचा, ऑफिसातून फोन आला. अरविंदभाऊ आणि तो एकाच कंपनीत. "शुभदा, अरविंद गेला ग... स्टोअरमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या." माझ्या मनात पहिलं काय आलं ते खरं सांगते. रडू नाही आलं, राग आला. बारा वर्षं ज्या माणसाला 'आता पुरे, गावाला परता' म्हणून मी कानीकपाळी ओरडले, तो आता परत निघाला होता, तोही विमानाच्या पोटातून, पेटीत. या घटनेला आता दोन महिने होत आले. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अरविंदभाऊ औद्योगिक भागातल्या एका एसी डक्ट बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. पत्रे, स्क्रू, पॅकिंग यांच्या राज्यात दिवसभर बसायचे आणि संध्याकाळी चार जणांच्या खोलीत जाऊन झोपायचे. गाव गुहागरकडचं. घरी बायको नलिनी, मोठा भाऊ, त्याचं कुटुंब. मुलगी लग्न होऊन रत्नागिरीला. फॅमिली व्हिसा मिळेल एवढा पगार काही त्यांचा शेवटपर्यंत झाला नाही. आमच्याकडे ते दर शुक्रवारी जेवायला यायचे, आणि थंडीत यायचे ते सकाळभर मासे पकडून. पहिल्यांदा आले तेव्हा हाताला चिलापी माशाचा वास, पँटला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि पिशवी रिकामी. मी म्हटलं, "काही मिळालं नाही वाटतं?" तर हसून म्हणाले, "मिळाले की. पाच-सहा मिळाले. सोडून दिले." आता माझं माहेर मालवणचं. मी बाजारातून सुरमई आणून तळते आहे, आणि हे गृहस्थ हातात आलेले मासे पाण्यात सोडून माझ्या ताटावर बसताहेत! तोंडावर काही बोलले नाही, पण त्या दिवशी तुकडी वाढताना माझा हात जरा आखडताच होता.

हे वेड त्यांना लावलं एका इंग्रज सर्व्हेयरने. तो कारखान्याच्या कुठल्याशा प्रोजेक्टवर होता. त्याच्या देशात म्हणे माशांतही मानाचे आणि साधे असे दोन वर्ग. मानाचे मासे थंडीत धरायचे नाहीत, मग शौकीन लोक थंडीभर ओढ्या-कालव्यांतल्या साध्या माशांच्या मागे लागतात. गळाला आमिष लावायचं नाही. पीस, दोरा, लोकर गुंडाळून आकड्याचीच एक माशी बनवायची, लांब काठीने ती अलगद पाण्यावर टाकायची आणि माशाला फसवायचं. अरविंदभाऊंना त्यातली 'साधे मासे' ही गोष्ट फार आवडली होती. "म्हणजे आपल्यातलेच, वहिनी," ते म्हणायचे. साहेब परत जाताना काठी यांना देऊन गेला. तो गेला, पण हे त्या काठीपायी थांबले ते थांबलेच.

जागा होती औद्योगिक भागाच्या पलीकडे. शहराचं वापरलेलं पाणी साफ करून झाडांना सोडतात, त्याचा एक कच्चा कालवा तिकडून जायचा. काठाला बोरू माजलेला, थंडीत कुठून कुठून बगळे उतरायचे. पाणी कसलं ते कळल्यावर मी मासे मागायचे बंद केले, हे सांगायला नकोच. एका जानेवारीत मी हट्टाने सुहासबरोबर तिथे गेले. वाळूवर धुकं होतं, मागे वर्कशॉपांचे पत्रे, आणि मधोमध हा माणूस, डोक्याला गावचा मफलर, काठी हलवत उभा. डोक्यावरून दोरी मागे जायची, क्षणभर हवेत थांबायची, मग पुढे सरळ होत होत पाण्यावर टेकायची, आवाज नाही काही नाही. स्टोअरमध्ये तीनदा हाक मारल्यावर 'ओ' देणारा तो माणूस तिथे नुसता डोळे आणि मनगट झाला होता. "थंडीत हे तळाशी जातात, अंग चोरून बसतात," ते मला हळू आवाजात सांगत होते. "मग माशी बुडू द्यायची आणि अगदी सावकाश ओढायची. घाई केली की खलास." मासा लागला की काठाशी बसून हात पाण्यात घालायचे, त्याला तसाच धरून ठेवायचे, दम खाऊ द्यायचे, मग सोडायचे. आकड्याचा उलटा काटा त्यांनी आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असायचा, म्हणजे माशाचं तोंड फाटू नये. मी त्यांना इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं. परतताना गाडीत मी सुहासला म्हटलं, "हा माणूस काही गावाला जायचा नाही." तो म्हणाला, "माशांसाठी कोणी राहतं का?" पण मला खात्री होती.

तोवर त्यांच्या त्या दोऱ्याच्या माश्यांसाठी माझं शिवणाचं सामानही कमी व्हायला लागलं होतं. काळा दोरा, लोकरीची टोकं, आणि एकदा तर चक्क माझ्या जुन्या पैठणीच्या विरलेल्या काठाची जर मागितली. "उन्हात चकाकते, वहिनी. चिलापी वेडी होते." दिली. लग्नातली पैठणी होती, पण विचारलं इतक्या लाजत की नाही म्हणवेना. जर बांधलेल्या त्या माश्या खरोखर चालल्या. पुढच्या शुक्रवारी दारातूनच ओरडले, "तुमच्या पैठणीला सात!"

दर वर्षी एप्रिलमध्ये ते म्हणायचे, "खलास. आता राजीनामा देतो, नलू एकटी आहे." आणि दर ऑक्टोबरमध्ये म्हणायचे, "एवढी एक थंडी काढतो." मी चिडायचे. नलिनीताईंशी माझी ओळख फोनवरची. सणाला त्या आमच्याकडे फोन करायच्या आणि बोलणं संपताना दर वेळी तेच विचारायच्या, अगदी सहज विचारल्यासारखं, "हे काही म्हणतात का येण्याचं?" मी काय सांगू? तुमचे यजमान एका नाल्यात अडकलेत? मी अरविंदभाऊंना म्हटलं होतं, निदान दोन महिने व्हिजिट व्हिसावर त्यांना इकडे आणा. तर म्हणाले, "इथे काय बघणार ती? नाला?"

आणि मग एका वर्षी खरोखरच त्यांनी राजीनामा दिला. आम्ही पार्टी केली, खोलीतल्या मुलांना त्यांनी गादी-पंखा वाटून टाकला, काठी कापडात गुंडाळून बरोबर नेली. मला केवढं हायसं वाटलं! नलिनीताईंचा फोन आला दिवाळीला, आवाज आनंदाने असा फुललेला की ओळखू येईना. आणि फेब्रुवारीत एका शुक्रवारी दारावर अरविंदभाऊ उभे. कंपनीने परत घेतलं होतं, पगार थोडा कमी करून. सुहास म्हणाला, "अरे, यल्ला, चल, आत तर ये!" मी मात्र दार धरूनच विचारलं, "काय झालं?" "तिकडे नाही जमलं," ते म्हणाले.

काय नाही जमलं ते हळूहळू, दोन-तीन शुक्रवारांत बाहेर आलं. गावाबाहेर बंधारा आहे, स्वच्छ पाणी, मासेही आहेत. घरी गेल्यावर थोड्याच दिवसांत ते काठी घेऊन तिथे गेले. मासा लागला, सोडला. दुसरा लागला, सोडला. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका बघत होत्या. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या आळीत झालं होतं, दुबईवाल्याला वेड लागलंय, मासे धरतो आणि टाकून देतो. इथे निदान पाण्याचं कारण होतं. तिथे तेही नव्हतं. पंगतीत मोठा भाऊ म्हणाला, "अन्नाशी खेळ करतोस? याच माशांवर वाढलास ना रे?" सगळे खाली मान घालून जेवत होते. नलिनीताई वाढत होत्या.

"आणि त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. भात वाढला आणि पुढे गेली." ते बोटाने टेबलक्लॉथवर रेघा ओढत होते. "दादाचं मला काही नाही वाटलं, वहिनी. दादा तसाच आहे. पण ती काहीच बोलली नाही..."

मी त्यांना झापलं. म्हटलं, एवढ्यासाठी परत आलात? लहान पोरासारखे रुसून? बायकोशी बोलायचं होतं ना नीट! त्यावर ते म्हणाले ते मी विसरू शकत नाही. "इथे मला कोणी विचारत नाही हो. दिवसभर सगळे विचारतात, हे कुठेय, ते किती आहे, चाभी दो, सामान दो. शुक्रवारी सकाळी तिथे मला कोणी काही विचारत नाही." लोक समजतात आपली माणसं आखातात पैशासाठी राहतात. राहतातच. पण आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही याचीही चटक लागते, हे मला तेव्हा कळलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. कारण मी या टोकाला होते तशी दुसऱ्या टोकाला एक बाई फोनजवळ बसलेली होती. त्यानंतर पाच थंड्या त्यांनी काढल्या. सहावी सुरू व्हायच्या आत ते गेले.

पेटीबरोबर सुहास गेला होता. काठी आणि माश्यांची डबी मात्र घाईत आमच्याकडेच राहिली. मागच्या महिन्यात पुण्याला आले, तेव्हा मीच ती घेऊन गुहागरकडे गेले. ओसरीवर मोठे भाऊ बसले होते, खूप थकलेले. नलिनीताईंनी मला सरळ मागच्या पडवीत नेलं. इतकी वर्षं आवाज ओळखत होते, चेहरा पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी डबी उघडली आणि जरीची एक माशी तळहातावर घेतली.

"हे काय?"

मी सांगितलं. कालवा, थंडी, काठी, सगळं. माझ्या पैठणीचंसुद्धा सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे हेच होतं? दुसरं काही नाही?"

"हेच."

"मला वाटायचं, तिकडे कोणी बाई आहे," त्या म्हणाल्या. "परत गेले ना तेव्हा, म्हणाले कंपनीचा फोन आला, बोलावलंय. घरात फोन एकच, आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. वाजला असता तर मला ऐकू आला नसता?"

मी पंगतीचं विचारलं. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलं. त्या म्हणाल्या, "भावोजींसमोर मी बोलणार? आमच्या घरात धाकट्या सुना मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाहीत. सासूबाई असल्यापासून नाही. यांना माहीत नव्हतं का ते? याच घरात वाढले ना!" आवाज चढला तशी त्यांनी ओसरीकडे पाहिलं आणि तो पुन्हा खाली आणला. "मी वाट बघत होते, आत आल्यावर विचारतील. तेव्हा सांगणार होते, जा तुम्ही खुशाल, मी येते बरोबर, लोकांना बोलू दे. पण विचारलंच नाही त्यांनी. भिंतीकडे तोंड करून झोपले."

एक माणूस बायकोच्या गप्प बसण्याला नकार समजला आणि समुद्र ओलांडून गेला. आणि ती बाई त्याच्या जाण्याला सवत समजली. दोघांपैकी कोणी खोटं वागलं नव्हतं.

"बाई असती तर बरं झालं असतं, शुभदाताई," त्या म्हणाल्या. "तिच्याशी भांडले असते. माशांशी काय भांडू?"

मग त्यांनी विचारलं, मासा सोडायचे म्हणजे नेमकं काय करायचे. मी दोन्ही हात पुढे करून दाखवलं, असा पोटाखाली हात, पाण्याच्या आत, तो शेपटी हलवेपर्यंत. त्यांनीही तसेच हात करून पाहिले. "आणि काही बोलायचे का त्याच्याशी? इथे होते तेव्हा म्हशीशीसुद्धा बोलायचे."

बोलायचे. त्या जानेवारीत मी काठावर अगदी त्यांच्या मागे उभी होते आणि माझ्या कानांनी ऐकलं होतं. प्रत्येक माशाला तेच सांगायचे, "जा रे बाबा, घरी जा. वाट बघत असतील."

नलिनीताई उत्तराची वाट पाहत माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "गप्पच असायचे."

"म्हणजे तिथेही गप्पच," त्या म्हणाल्या, आणि जरीची माशी त्यांनी पुन्हा डबीत ठेवली.