बारा इंचांत एक गिरकी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की पुढील मजकूर वाचण्यापूर्वी त्यांनी हातातला कप खाली ठेवावा, टीव्हीचा आवाज बारीक करावा आणि गुडघे साथ देत असतील तर उभं राहावं. कारण जे मी जाहीर करतो आहे त्याला तेवढा मान आहे. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत माझ्या साडूंइतका मोजूनमापून जगणारा माणूस आजवर झालेला नाही. आणि या माणसाच्या हातून आयुष्यात एकदाच, नव्वदीच्या दशकातल्या एका मार्च महिन्यात, नेपरव्हिल मुक्कामी, एक गोष्ट मोजायची राहून गेली.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मी दाजी म्हणतो, आणि आम्ही म्हणतो म्हणून शिकागोच्या पश्चिमेची यच्चयावत मराठी मंडळी, त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा, त्यांना दाजीच म्हणतात. व्यवसायाने पंपांचे इंजिनियर. पँटच्या उजव्या खिशात रुमाल, डाव्या खिशात मोजायची टेप. घर घ्यायचं ठरलं तेव्हा एजंटबाई बिचाऱ्या मागच्या अंगणातला मेपल दाखवत होत्या आणि दाजी स्वयंपाकघरात ताईंना ओट्यापाशी उभं करून त्यांच्या कोपरापासून ओट्यापर्यंतचं अंतर घेत होते. "घर उत्तम आहे," ते बाहेर येऊन म्हणाले, "पण इथे कणीक मळून हिचे खांदे दुखतील." अशी अकरा घरं नापास झाली. बारावं पास झालं तेव्हा एजंटबाईंना रडू आलं. हिवाळ्यात शेजारी आपापल्या दारात उभे राहून "फूटभर स्नो पडला बुवा" असं कौतुकाने म्हणाले, की दाजी बर्फात काठी खुपसून ओरडणार, "साडेनऊ इंच!" गणपतीला एकवीस मोदकांचे एकवीस फोटो आहेत त्यांच्याकडे, पाकळ्यांच्या आकड्यासकट. आणि घरात शिरलेला उंदीर ते पिंजऱ्यात धरून गाडीने रानात सोडून येत. किती लांब सोडला म्हणजे उंदीर परत येत नाही, याचीही त्यांनी नोंद ठेवली होती. (आठ मैल. सहा मैलांवरचा परत आला होता, असा त्यांचा दावा. तोच उंदीर कशावरून, हे मी विचारलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.)

अशा माणसाच्या कपाटात रायफल कशी, असं तुम्ही विचाराल. त्यांचा एक सहकारी निवृत्त होऊन फ्लोरिडाला निघाला आणि जाताना प्रेमाने आपली जुनी रायफल देऊन गेला. नळी इतकी बारीक, की तोंडातून पेन्सिलही आत जाऊ नये. दाजींनी बंदूक बाळगायचं रीतसर कार्ड काढलं, नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, शेवटी पानांवर छापलेले क्रमांक बरोबर आहेत ना तेही पाहिलं, आणि दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर जाऊ लागले. "हा एकमेव खेळ आहे," ते मला म्हणाले, "ज्यात शेवटी कागद हातात येतो आणि तो मोजता येतो." सहकाऱ्याने सोबत दिलेल्या गोळ्या वर्षभर पुरल्या. दाजींचा नेम चांगला बसला. मग गोळ्या संपल्या.

इथे बकरीवाल्या आजीबाईंना आणायला हवं. आमच्या गावाच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर या अमेरिकन बाई एकट्या राहत. गोठ्यात तीसेक शेळ्या, अंगात नवऱ्याचा जुना डगला, आवाज फौजदाराचा. दाजींची लेक मुक्ता तान्ही असताना तिला कुठलंच दूध पचेना. डॉक्टर बदलले, डबे बदलले, मूल वाळत चाललं. कुणीतरी या बाईंचं नाव सांगितलं. शेळीचं दूध मुक्ताला मानवलं, आणि पुढे दोन वर्षं, बर्फ असो वा वादळ, आजीबाईंनी त्या पोरीच्या वाटणीच्या दोन बाटल्या रोज बाजूला काढून ठेवल्या. त्या बाटल्यांचं माप दाजींनी जाणूनबुजून कधी घेतलं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

तर त्या मार्चमध्ये शेळ्या विणीला आल्या आणि एक कोयोटी गोठ्याभोवती घिरट्या घालू लागला. आपल्या कोल्ह्याचा हा थोराड चुलतभाऊ. नऊ दिवसांत त्याने चार करडं नेली. कुंपण दुरुस्त केलं, तर खालून उकरलं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा आजीबाई पायरीवर बसून होत्या. म्हणाल्या, "शनिवारी लिलाववाल्याचा ट्रक येतोय. सगळ्या नेऊ दे. सकाळी उठून गोठ्यातलं रक्त धुवायला आता माझ्यात जीव नाही."

"शनिवारपर्यंत थांबा," दाजी म्हणाले. "ट्रक रद्द करायचा फोन तुम्हालाच करावा लागेल, असं मी करतो." मुक्ता एव्हाना हायस्कुलात होती. गाडीत बसताना ती फक्त एवढंच म्हणाली, "डॅड, प्लीज डोन्ट मिस."

रविवारी दाजींनी नव्या गोळ्या घेतल्या आणि आम्ही मैदानावर गेलो. पहिली गोळी कागदाच्या डाव्या खांद्यावर. दुसरी उजव्या पायापाशी. तिसरी कागद चुकवून गेली कुठेतरी विस्कॉन्सिनच्या दिशेने. मैदानाचा कारभार पाहणारा लाल टोपीवाला म्हातारा कागद घेऊन आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मित्रा, तुझी गोळी आडवी झोपून आली!" खरंच, कागदावर गोल भोक नव्हतंच, गोळीची लांबुळकी आकृती उमटली होती. शेजारचे चार नेमबाज खो खो हसले. मी म्हटलं, "दाजी, चष्म्याचा नंबर वाढलाय का?"

"नंबर जानेवारीत तपासलाय," दाजी थंडपणे म्हणाले. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. अपमानाची अशी घडी मी पाहिली नव्हती.

घरी आल्यावर कागद फ्रिजवर लागला. दाजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले. मग एकदम उठले. रायफल रिकामी आहे हे तीनदा तपासून त्यांनी ती टेबलावर आडवी बांधली. नळी साफ करायची लांब सळई घेतली, टोकाला कापडाचा घट्ट बोळा लावला, आणि आत हाक मारली, "अगं, तुझी एक टिकली दे."

"कुणाला लावताय?" ताई आतून म्हणाल्या.

"सळईला."

ताईंनी बाहेर येऊन कपाळाला हात लावला आणि पाकिटातली लाल टिकली काढून दिली. वाचकहो, अमेरिकेच्या शस्त्रविद्येच्या इतिहासात टिकलीने एवढी मोठी कामगिरी याआधी केलेली नाही. रायफलीच्या नळीत आतून स्क्रूच्या आट्यांसारखे चरे असतात. त्यांत अडकून गोळी गिरकी घेत बाहेर पडते, आणि गिरकीमुळेच भोवऱ्यासारखी नीट उभी राहते. दाजी सळई हळूहळू आत ढकलत गेले, चऱ्यांनी सळई फिरवली, तिच्यावरची टिकली वरून बाजूला, बाजूला होऊन खाली गेली आणि पुन्हा वर आली. टिकली वर आली तिथे दाजींनी थांबून टेप लावली. "बारा इंच," ते पुटपुटले. "बारा इंचांत एक गिरकी. आळशी नळी आहे." मग गोळ्यांची दोन्ही खोकी काढली. सहकाऱ्याच्या रिकाम्या खोक्यावर लिहिलं होतं पन्नास ग्रेन. नव्यावर एकोणसत्तर. गोळीचं वजन ग्रेनमध्ये धरतात, सोनाराच्या गुंजेसारखं. दाजींनी गोळ्या शेजारी उभ्या केल्या. नवी चांगलीच लांब होती.

"लांब भोवरा जोरात फिरवावा लागतो," दाजी म्हणाले. "ही नळी तेवढं फिरवतच नाही. गोळी बाहेर पडून कोलांट्या खातेय."

"पण मग ही घेतलीत कशाला?" मी विचारलं.

दाजी गोळ्या परत खोक्यात भरू लागले. उत्तर ताईंनी दिलं. "मी होते ना दुकानात! दोन्ही खोकी एकाच भावाला. हे म्हणाले, त्याच भावात एकोणीस ग्रेन जास्त मिळताहेत, सोडायचे कशाला? जन्मभर भाजीवाल्याशी मापावरून भांडलात, आता भोगा!"

दुसऱ्या दिवशी दाजींनी आठवडाभराची रजा टाकली. ऑफिसात कारण लिहिलं, 'कौटुंबिक'. चाळीस, पन्नास आणि पंचावन्न ग्रेनच्या, मऊ टोकाच्या शिकारी गोळ्या आणल्या आणि मंगळवारी आम्ही पुन्हा मैदानावर हजर. लाल टोपीवाला म्हणाला, "आज उभ्या येणार की आडव्या?" शेजारचा म्हणाला, "आज आपण याच्या मागे उभं राहू, तिथेच धोका कमी." दाजींनी मान वर केली नाही. प्रत्येक वजनाच्या पाच-पाच गोळ्या, मध्ये नळी थंड व्हायला दहा मिनिटं घड्याळ लावून. चाळीसच्या बऱ्या आल्या. पंचावन्नच्या छान आल्या. पन्नासचा कागद आला तेव्हा दाजींनी पाकिटाच्या चोरकप्प्यातून एक जुना रुपया काढला आणि कागदावर ठेवला. पाचही भोकं रुपयाखाली गडप! शंभर यार्डांवरून! लाल टोपीवाल्याने रुपया उचलला, भोकं पाहिली, रुपया परत ठेवला, पुन्हा उचलला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. शेजारचे चौघे एकेक करून हात मिळवायला आले, आणि एकाने, शप्पथ सांगतो, विचारलं, "तुमच्या नळीची गिरकी तुम्ही मोजलीत कशी?" दाजींनी सांगितलं. तो गंभीरपणे म्हणाला, "ही टिकली कुठल्या दुकानात मिळते?"

शुक्रवारी पहाट फुटायच्या सुमाराला आम्ही आजीबाईंच्या शेतावर गवताच्या गठ्ठ्यांमागे पालथे पडलो होतो. आदल्या दिवशीच दाजींनी सगळं रान मोजून ठिकठिकाणी खुंट्या ठोकल्या होत्या. समोर मातीचा उंचवटा, म्हणजे गोळी पलीकडे जायचा प्रश्न नाही. थंडी अशी की माझे दात आपापसात भांडत होते. "आवाज करू नका हो," दाजी कुजबुजले. "मी नाही, दात," मी म्हटलं. गोठ्यात करडं बारीक ओरडत होती. घराच्या खिडकीत आजीबाईंची सावली. लिलाववाल्याचा ट्रक उद्या.

उजाडलं तसा तो आला. उंचवट्याच्या पायथ्याने, डोकं खाली, राखाडी, घाईत नसलेला. दुसरी खुंटी ओलांडली. तिसऱ्या खुंटीपाशी थांबून त्याने गोठ्याकडे कान वळवले. दाजींनी श्वास अर्धा सोडला. एक आवाज झाला, फार मोठाही नाही, आणि तो जागच्या जागी खाली बसल्यासारखा पडला. उठला नाही.

मी उडी मारली! मी गवताच्या गठ्ठ्यावर चढून नाचलो, चव्वेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप! आजीबाई डगला सावरत धावत आल्या, त्यांनी दाजींना मिठी मारली, मग मला मारली, मग जाऊन कुंपणाच्या खांबालाही मारली असं मला आठवतं. घरात शिरताच त्यांनी पहिला फोन ट्रकवाल्याला केला आणि फौजदारी आवाजात म्हणाल्या, "येऊ नकोस. का म्हणजे? शेळ्या कामात आहेत!" दुसरा फोन दाजींच्या घरी. पलीकडून मुक्ताची किंकाळी टेबलापर्यंत ऐकू आली.

मग त्यांनी न्याहारी मांडली. ताटलीएवढे पॅनकेक, अंडी, घरचं चीज, उकळतं दूध. टेबलाच्या मानाच्या खुर्चीवर, दिवंगत यजमानांच्या, दाजींना बसवलं. खिडकीतून गोठा दिसत होता. उन्हात करडं बाहेर आली होती आणि एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. त्यांच्या पलीकडे, तिसऱ्या खुंटीपाशी, उरल्यासुरल्या बर्फावर ते राखाडी काहीतरी अजून तसंच होतं. आजीबाईंनी पहिला पॅनकेक दाजींच्या पुढ्यात ठेवला, वर मध ओतला आणि म्हणाल्या, "खा, माझ्या वाघा." दाजींनी घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि तो तिथेच थांबला. ते खिडकीबाहेर पाहत होते. आणि मग, समोर बसलेल्या बाईंना अवाक्षर कळणार नाही हे विसरून, भर टेबलावर, मोठ्याने, मराठीत बोलून गेले,

"अहो, तो बिचारा उपाशीच गेला हो!"