दाजींची बेरीज

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरात तसबीर लावायची तर आधी पाणसळ निघायची आणि एका खिळ्याला अर्धा दिवस जायचा. ऑफिसात त्यांना 'सूतभर' म्हणत. कुणी "जवळजवळ बरोबर आहे" म्हटलं की ते विचारायचे, "जवळजवळ म्हणजे किती सूत?" मग सगळे हसायचे. हसणाऱ्यांत मी पुढे असायचो, हे आधीच सांगून टाकतो.

आम्ही दोघं एकाच प्रकल्पात होतो. अणुभट्टीतला कचरा जाड तांब्याच्या पिंपांत भरायचा आणि चारशे मीटर खोल खडकात कायमचा पुरायचा, हे प्रकल्पाचं काम. लाखभर वर्षं तो कचरा बाहेर येता कामा नये. खडक हलत नाही ना, हे बघायचं काम दाजींचं. आणि तो हलत नाही, हे चांगल्या भाषेत लिहायचं काम माझं.

तिसऱ्या बोगद्याच्या भिंतीत एक भेग होती, खालपासून वरपर्यंत. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पोलादी खुंटी ठोकलेली. दर सोमवारी सकाळी दाजी खाली उतरायचे आणि खुंट्यांमधलं माप घ्यायचे. तेही लगेच नाही. हाताच्या उबेनं यंत्राचं पोलाद वाढतं, म्हणून ते बाकावर ठेवून अर्धा तास नुसते बसायचे. मग तीनदा माप घ्यायचे. लोक म्हणत, सरकारी झोप काढतोय. मीही म्हटलंय.

खाली ओल फार. खुंट्या गंजायच्या, म्हणून दर वर्षाअखेर नव्या बसवायच्या आणि मोजणी पुन्हा शून्यापासून धरायची, अशी आमची रीत. मर्यादा होती वर्षाला अर्धा मिलिमीटर. भेग सरकायची पॉइंट चार. मी लिहायचो, 'हालचाल मर्यादेत.' तेवीस वर्षं तेच वाक्य, स्वल्पविरामही न बदलता. सगळ्या वर्षांची बेरीज करायला फॉर्मवर रकानाच नव्हता. आणि ती मर्यादा तरी कुठली? बोगदा खणताना मजुरांच्या डोक्यावर छत येऊ नये म्हणून कुणीतरी ठरवलेली. खणणं संपलं, मजूर गेले, आकडा तेवढा राहिला. एवढी शिकलीसवरलेली माणसं, पण लाख वर्षांच्या कामाला आम्ही छताचं माप लावत होतो आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो दाजींच्या. पिंपं ठेवून झाली, दार काँक्रीटनं बंद करायची तारीख ठरली, आणि शेवटच्या तक्त्यावर त्यांची सही हवी होती. त्यांनी सही केली नाही. शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'एकूण सरक नऊ मिलिमीटरच्या वर. वेग कायम.'

साहेबांनी मला बोलावलं. "तुमचे मेहुणे ना ते? समजवा जरा. ऐन वेळी घोडं अडवून बसलेत."

मी समजवायला गेलो. दाजी म्हणाले, "चल खाली."

भेगेपाशी त्यांनी बॅटरी धरली. पहिल्या वर्षी त्यांनी भिंतीवर पिवळ्या ऑइलपेंटची एक आडवी रेघ मारली होती, भेगेच्या आरपार. आता घाईत शिवलेल्या शर्टाच्या पट्ट्या जुळत नाहीत, तशी ती रेघ भेगेपाशी जुळत नव्हती. मी करंगळी लावून पाहिली. नखाएवढा फरक होता.

"पिंप किती सरक सोसतं?" त्यांनी विचारलं.

मला पाठ होतं, मीच लिहिलं होतं. "पाच सेंटिमीटर."

"आणि ही भेग पुढे पिंपांच्या दोन ओळींना कापत जाते. कर हिशेब."

मी केला. सव्वाशे वर्षं. लाख नव्हे, सव्वाशे.

"दाजी, तेव्हा आपण कुणीच नसू."

"म्हणून तर सही सोपी वाटते सगळ्यांना," ते म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. नुसतं एवढंच म्हणतो, थांबा. त्या दोन ओळी उचला, दुसरीकडे ठेवा. दोन वर्षांचं काम आहे."

दोन वर्षं कुणालाच नको होती. चार दिवसांत दाजींना सक्तीच्या रजेवर पाठवलं. त्यांच्या जागी प्रभारी म्हणून एक नाव लागलं. ते माझं होतं. मी सही केली. साहेबांनी बढतीचा विषय काढला होता, हे खरं कारण. बाकीची कारणं मी स्वतःला सांगतो, पण ती माझ्याच गळी उतरत नाहीत.

दार बंद झालं. हार घातले, फोटो काढले. खडक हलत नाही असं आता लेखी होतं, मग मोजायचं कशाला? मोजणीची जागाच रद्द झाली आणि दाजी निवृत्तीच्या चार महिने आधीच घरी बसले.

मी ताईकडे जायचं टाळत होतो. शेवटी तिनंच बोलावलं. तिच्या लेकीनं याच गावात, प्रकल्पाच्या अंगाला, घराला जागा बघितली होती. दाजी नको म्हणत होते. लेक रडून गेली होती.

मी बसलो तसं ताईनं सरळ विचारलं, "हे म्हणतात खाली जमीन सरकतेय. म्हणे पोरीनं इथे मुळं रोवू नयेत, तिच्या नातवंडापतवंडांना भोगायला लागेल. मला काही कळत नाही बाबा. तुझी सही आहे ना त्यावर? तू सांग. हलते का?"

दाजी समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माप घेताना पाहायचे, तसं शांतपणे. मी 'हो' म्हटलं असतं तर त्या घरापुरते तरी ते खरे ठरले असते. कुठे कागद नव्हता, साहेब नव्हते. सख्ख्या बहिणीला एक शब्द सांगायचा होता.

"नाही ताई," मी म्हणालो. "हालचाल मर्यादेत आहे."

ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला. "ऐकलंत?" ती दाजींना म्हणाली. "उगाच पोरीच्या जिवाला घोर लावलात. अहो, तो एवढे अहवाल लिहितो, त्याला नसतं का कळलं?"

"कळलं असतं," दाजी म्हणाले आणि उठून आत गेले. ताईनं तिथल्या तिथे लेकीला फोन लावला, जागा घेऊन टाक म्हणाली.